सोळावं रीळ

तिकीट काढून सिनेमा बघणारा माणूस मूर्ख असतो, हे माझं मत ऐकीव नाही. औरंगाबादेतल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये मी चौदा वर्षं ऑपरेटर म्हणून उभा राहिलो आहे. समोरच्या भिंतीत वहीच्या पानाएवढं भोक, त्यातून खाली बघितलं की सातआठशे डोकी दिसायची. हीरो रडला की ती रडायची, हीरो पडला की हसायची. त्यांच्यापेक्षा मेंढरं बरी. मेंढरांचा मला अनुभव आहे. कन्नड तालुक्याच्या डोंगरात माझ्या बापाची दीडशे होती, आणि त्यातल्या एकानंही कधी दुसऱ्याच्या बायकोसाठी डोळे पुसले नाहीत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात आमच्याकडं जो सिनेमा लागला होता, तो तर मूर्खपणाचा कळस. मुंबईतलं एक नवराबायकोचं जोडपं. दोघांचं पटत नाही. वकिलाकडं फारकतीचे कागद झालेले, पण फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून हलायला कुणीच तयार नाही. मग घराच्या मधोमध खडूची रेघ. स्वयंपाकघर तिच्याकडं, न्हाणीघर याच्याकडं. ती चहाच्या बदल्यात अंघोळ मागणार, हा अंघोळीच्या बदल्यात पोळी मागणार. पंधरा रिळं हाच बाष्कळपणा. सोळाव्या रिळात ती बॅग घेऊन जिना उतरते, हा मागून धावत येतो, जिन्यातच एक गाणं होतं, आणि गाणं संपल्यावर हा तिला दोन शब्द म्हणतो, मत जाओ. झालं. ती थांबते आणि पब्लिक खुर्च्या बडवतं. दोन शब्द तोंडातून काढायला या बाबाला अकरा मिनिटं आणि चाळीस वाजंत्री लागतात, आणि लोक त्याला प्रेम म्हणतात.

मला तो सिनेमा जरा जास्तच झोंबत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. कारण गारखेड्यात माझ्या स्वतःच्या खोलीत तसलीच एक रेघ होती. ती खडूची नव्हती, घोंगडीची होती.

माझं नाव त्रिंबक. बायकोचं पुतळाबाई. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मी मेंढरं सोडून शहरात आलो, एका उस्तादाच्या हाताखाली मशीन शिकलो, आणि तिला इथं आणली. पुढं चिकलठाण्याला कंपन्या वाढल्या. गोळ्या-औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला बायका घेत होते. ही एक दिवस कुणाला न विचारता जाऊन उभी राहिली आणि कामाला लागून परत आली. मी म्हणालो, भरता भरता दोन गोळ्या खाऊन बघ, अक्कल येते का. मला तो विनोद वाटला होता. असे विनोद मी बारा वर्षं करत होतो. तिनं भाजी केली की म्हणायचो, गुरं तोंड फिरवतील. ती सही करायला शिकली तेव्हा म्हणालो, कोंबडीनं पाय उमटवलाय. तिला एक बोट कधी लावलं नाही, आणि त्याचाही मला मोठा गर्व होता.

त्या वर्षीच्या चैत्रात तिनं गावी पंच बसवले. लिंबाखाली आमच्या भावकीतली पाच माणसं, मधोमध मल्हारी म्हातारा. त्यानं तिला रीतीप्रमाणं विचारलं. मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरी ठेवलीय का? तेही नाही. मग म्हातारा वैतागला आणि म्हणाला, पोरी, तुझी तक्रार तरी काय?

"ह्यो मला माणसात धरत नाय," ती म्हणाली.

पंच हसले. असली तक्रार त्यांच्या बापजन्मात कुणी आणली नव्हती. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, आणि वर ऐट मारली, की मोडा काडी, पंचांचा वेळ कशाला घालवता. मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, आणि मी पाच माणसांसमोर मोठ्या मनानं तिला परत नेईन. ती नुसती बसून राहिली. मल्हारीनं शेजारच्या छपरातली एक काडी ओढली, आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर मोडली आणि तुकडे पाठीमागं टाकले. आमच्यात याला काडीमोड म्हणतात. काडी मोडली की बाई मोकळी, हवं तर दुसऱ्याशी पाट लावायला मोकळी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हात मी दाखवला होता.

काडीमोड झाल्यावर माणसं दोन दिशांना जातात. आम्ही दोघं एकाच एसटीनं औरंगाबादला आलो, कारण दुसरी गाडी नव्हती. ती पुढं बसली, मी मागं. कंडक्टरनं विचारलं, दोघांचं एकत्र फाडू का? दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यानं बिचाऱ्यानं एकत्रच फाडलं.

आणि उतरून दोघंही एकाच दारात गेलो, कारण दुसरं दारही नव्हतं. गारखेडा तेव्हा अर्धं गाव आणि अर्धे प्लॉट असं होतं. आमचे घरमालक काकासाहेब म्हणजे तिथले जुने जमीनदार. शेतांचे प्लॉट पाडले, बैल विकले, आणि गोठ्यात भिंती घालून पाच खोल्या काढल्या. गव्हाणीच्या जागी माणसं बांधली म्हणा ना. पण तोरा असा की सरकारी बंगला भाड्यानं देतोय. त्यांचा नियम होता, खोली फॅमिलीलाच मिळेल. एकटा गडी नको, आणि एकटी बाई तर दारातही उभी करायची नाही. कंपन्यांमुळं सगळ्या मराठवाड्यातून माणसं शहरात लोटली होती, आणि खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं झालं होतं. आमची काडी मोडलीय हे काकासाहेबांना कळलं असतं तर दोघंही रस्त्यावर. मग तिला नोकरी सोडून भावाच्या मेंढरांमागं जावं लागलं असतं, आणि मला केबिनमध्ये मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या वासात झोपावं लागलं असतं.

म्हणून ठरलं, दुसरी सोय होईपर्यंत असंच राहायचं. माझ्या बापाची घोंगडी दोरीवर टाकून तिनं खोलीचे दोन भाग केले. चूल तिच्याकडं, खाट आणि खिडकी माझ्याकडं. पाण्याचा माठ मधोमध घोंगडीखाली, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. ती माझ्यापुरत्या दोन भाकरी थापून घोंगडीखालून सरकवायची. मी सकाळी नळाचं पाणी भरायचो. हे कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप पडलं.

पण एक गोष्ट बदलली. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बारा वर्षं मी "अहो" होतो, "ऐकलं का" होतो, लोकांत "हे" होतो. काडीमोडीच्या दुसऱ्या दिवशी घोंगडीपलीकडून आवाज आला, "त्रिंबक, माठ भर." पाठीत कुणी खडा मारावा तसा मी दचकलो. तिचं बरोबर होतं. नवराच उरला नाही, तर नाव राखायचं कुणाचं? त्या दिवसापासून घरात त्रिंबक हे कर, त्रिंबक ते सरकव. बाहेर काकासाहेबांची चाहूल लागली, की लगेच "हे आत्ताच ड्यूटीवर गेले". नाटक कंपनीत गेली असती तर नाव काढलं असतं.

पुढं काकासाहेबांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. काकासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी खोल्यांतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, आणि नाव घ्या म्हणून आग्रह धरला. मी भिंतीपलीकडं सायकल पुसत होतो. आता ही अडकते, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. तर तिचा आवाज आला, सरळ, जरासुद्धा न अडखळता:

"घोंगडीच्या अलीकडं चूल, पलीकडं खाट,
त्रिंबकरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

बायका खो खो हसल्या. त्यांना वाटलं काहीतरी चावट आहे. त्या भवान्यांना काय कळणार? मला कळलं, आणि मी बराच वेळ एकच चाक पुसत राहिलो.

तर असं चाललेलं असताना तो रेघेचा सिनेमा लागला. पहिल्याच आठवड्यात हिच्या कंपनीतल्या बायका येऊन बघून गेल्या. त्यात केसरबाई नावाची हिची मैत्रीण होती, जवळच्या एका खेड्यातून रोज बसनं कामाला येणारी. सिनेमा लई आवडला, तुमच्या मालकांना सांगा, असा निरोप तिनं पुतळाबाईच्या हाती धाडला. मी घोंगडीकडं बघून म्हणालो, गाढवाला गुळाची चव काय? सिनेमा बघायला ये, असं मी पुतळाबाईला म्हणालो नाही. बारा वर्षांत कधीच म्हणालो नव्हतो.

जुलैच्या अखेरीला मुंबईत विधिमंडळात ठराव झाला, की मराठवाडा विद्यापीठाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. आणि लोकांच्या अंगात आलं. विद्यापीठाचं फाटक ज्यांनी जन्मात बघितलं नव्हतं, ते त्या फाटकावरच्या नावासाठी दुसऱ्यांची छपरं जाळायला निघाले. खेड्यांतून दलितांच्या वस्त्या पेटल्या. शहरात बसवर दगड, दुकानं बंद, जमावबंदी. मी केबिनमधल्या सगळ्यांना सांगत होतो, की ह्यांची पोरं दहावीला तीनदा बसतात आणि ह्यांना विद्यापीठाच्या नावाची काळजी. असं मी केबिनमध्ये सांगत होतो. केबिनमध्ये बोलायला काय जातं?

संध्याकाळचे खेळ बंद झाले. मॅनेजरनं मला बोलावलं आणि म्हणाला, दिवसाउजेडी तीन खेळ बसले पाहिजेत, प्रत्येक खेळातून दहाबारा मिनिटं काढ, एखादं गाणं उडव. हे काही नवीन नव्हतं. वीज गेली, रिळांचा डबा उशिरा आला, पोलिसांनी घाई केली, की ऑपरेटर कात्री चालवतो. कापायची जागा ऑपरेटर ठरवतो, चिकटवतो, आणि कापलेला तुकडा नंबर टाकून डब्यात ठेवतो. पब्लिकला कळत नाही. पब्लिकला काय कळतं?

मी गाणं उडवलं नाही. मी सोळावं रीळ उडवलं. त्याच्या टोकाची समाप्तची चार हात पट्टी कापली आणि पंधराव्याच्या शेवटाला चिकटवली. आता ती बाई बॅग उचलायची, दाराबाहेर पडायची, दार लागायचं, समाप्त. पहिल्या दिवशी लोकांनी शिट्ट्या मारल्या, दोनचार जणांनी डोअरकीपरला शिव्या घातल्या. पण दिवसच असे होते, की उजेड असेपर्यंत घर गाठायची घाई सगळ्यांनाच होती. मला मात्र तो सिनेमा पहिल्यांदाच खरा वाटला. सोळाव्या रिळाचा डबा मी बाकाखाली सरकवला.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी केसरबाई आमच्या दारात आली. काखेत गाठोडं. गावात तिच्या वस्तीचं काय झालं ते तिनं फार सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की छप्पर राहिलं नाही, सासू नातलगांकडं पोचवली आणि नोकरी सोडता येत नाही. पुतळाबाई तिला म्हणाली, माझ्याकडची जागा माझी आहे, आत ये. मी खिडकीत आरसा टांगून दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता.

तेवढ्यात काकासाहेब अंगणात आले. केसरबाईला तिचं नाव विचारलं, गाव विचारलं, वस्ती विचारली. तिनं सगळं सरळ सांगितलं, खाली न बघता. मग काकासाहेबांनी बायकांकडं बघणंच सोडून दिलं आणि माझ्याकडं वळले.

"त्रिंबकराव, ही तुमची पाव्हणी हाय का?"

हो म्हणायला काय लागत होतं? त्या माणसाची मला काडीची किंमत नव्हती. त्याच्या तोऱ्याची, त्याच्या गोठ्याची, त्याच्या नियमांची मी रोज मनातल्या मनात टर उडवत होतो. पुतळाबाई घोंगडी एका हातानं बाजूला धरून माझ्याकडं बघत होती.

"मला नाय म्हाईत," मी म्हणालो. "हिच्या कामावरची असंल."

आणि उरलेल्या गालाला साबण लावला. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. केसरबाईनं गाठोडं उचललं. पुतळाबाई तिच्यासोबत रस्त्यापर्यंत गेली, मग आणखी पुढं गेली, आणि दुपारी परत आली. त्या दिवशीही भाकरी घोंगडीखालून सरकली, दोनच्या दोन.

चार दिवसांनी संध्याकाळी ती पलीकडून म्हणाली, की चिकलठाण्याच्या बाजूला केसरबाईला तिच्या लोकांत एक खोली मिळालीय. दोघींत घेऊ म्हणते. एक तारखेपर्यंत सांगायचंय.

हे ती मला कशाला सांगत होती? जायचं तर जा. काडी मोडलीय, वाट मोकळी आहे. मी तिला तेच म्हणालो. म्हणालो, "जा की. माझी खाट नीट पसरंल." आणि खाटेवर पडून घोंगडीतल्या विणीकडं बघत राहिलो. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ते बोलणं म्हणजे त्या जिन्यातल्या हीरोसारखं बोलणं, आणि त्या हीरोला मी रोज तीनदा शिव्या घालत होतो.

ऑगस्टच्या एकतीस तारखेला दुपारच्या खेळाला मी भोकातून खाली बघितलं, तर बाल्कनीच्या तिसऱ्या रांगेत पुतळाबाई. एकटीच. स्वतः तिकीट काढून आलेली. चौदा वर्षं मी ज्यांना मूर्ख म्हणत आलो, त्यांच्यात माझी बायको येऊन बसली होती. एक रीळ संपून दुसरं लावताना मी चुकलो, पडदा क्षणभर पांढरा झाला, लोकांनी ओरडा केला. ती मागं वळून भोकाकडं बघेल असं वाटलं. तिनं बघितलं नाही.

बाकाखाली डबा होता. सोळावं रीळ लावायला मला दोन मिनिटं लागली असती. अकरा मिनिटांनी खेळ लांबला असता, मॅनेजर बोंबलला असता, आणि फार तर माझा पगार कापला असता. मी डबा बाहेर ओढला. झाकण काढलं. मग माझ्याच मनानं मला विचारलं, की तू त्या टोणग्याकडून तुझा निरोप देणार काय? जिन्यात गाणं म्हणणाऱ्याकडून? मी झाकण लावलं. खाली दार लागलं, समाप्त आलं, आणि दिवे लागले. लोक कुरकुरत उठले. ती सगळे जाईपर्यंत बसून राहिली.

मी घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती तिच्या बाजूला चुलीपाशी होती. घोंगडीच्या खालून तिचे पाय दिसत होते. मग ती म्हणाली,

"अहो."

चैत्रापासून तो शब्द त्या खोलीत आला नव्हता. मी पायातली चप्पल काढत होतो, तसाच वाकलेला राहिलो.

"अहो, खरं सांगा. त्यो सिनेमा तिथंच संपतो का? का म्होरं काय हाय?"

मी कापलंय, असं सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, कामून कापलं? आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. शिवाय तुझ्यासारखीला शेवट गोड पाहिजे, हे मनात आलंच. जुनी सवय. जीभ आपोआप वळते.

"तिथंच संपतो," मी म्हणालो. "म्होरं काय असायचं?"

"बरं," ती म्हणाली.

सकाळी मी पाणी भरून आलो तेव्हा तिनं ट्रंक बांधली होती. काकासाहेबांना सांगितलं, माहेरी चाललेय. दारात थांबली, चुलीजवळची दोन भांडी मला ठेवलीत म्हणून सांगितलं, आणि गेली. मी माठात पाणी ओतत होतो. माठ भरून वाहायला लागला तरी ओतत होतो.

पुढच्या आठवड्यात बंदी उठली. संध्याकाळचे खेळ सुरू झाले आणि मॅनेजर म्हणाला, पूर्ण सिनेमा लाव. मी सोळावं रीळ जागेवर बसवलं आणि पहिल्यांदाच भोकाशी उभं राहून ते सगळं बघितलं. एरवी मी त्या वेळी बिडी प्यायचो. तो टोणगा जिना उतरत आला. त्याचा सदरा बाहेर, पायात एकच चप्पल. गाणं भिकार होतं, नाच त्याहून भिकार. मग तो म्हणाला, मत जाओ. चांगलं बोलला असंही नाही. साधं बोलला, माठ भर म्हणावं तसं. खालच्या मूर्खांनी खुर्च्या बडवल्या, आणि वर मी एकटा शहाणा भिंतीला टेकून उभा होतो. पुढच्या सिनेमाच्या जाहिरातीची पट्टी लावायला मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायकल हाणत चिकलठाण्याला गेलो. जेवणाची सुट्टी संपत आली होती. कंपनीच्या फाटकाबाहेर बायका डबे धूत होत्या. केसरबाईनं मला आधी बघितलं. तिनं पुतळाबाईला कोपरानं खुणावलं, आणि स्वतः डबा घेऊन आत निघून गेली. माझ्याकडं तिनं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला ओळखीची होती. जगाकडं मीच तसा बघत आलो होतो.

पुतळाबाई पदराला हात पुसत आली. मी सायकल धरूनच उभा होतो.

"त्यो सिनेमा तिथं संपत नाय," मी म्हणालो. "अजून एक रीळ हाय. म्याच कापलं व्हतं."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"केसरबाईनं पयल्याच आठवड्यात समदा सिनेमा सांगितला व्हता. जिन्यातलं गाणं बी म्हनून दावलं."

"मग मला कामून इचारलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"म्या सिनेमाचं इचारत नव्हते," ती म्हणाली.

मग ती थांबली. भोंगा व्हायचा होता अजून, आणि ती तिथंच उभी होती. अजून काय सांगायचंय का, असं म्हणाली. त्या टोणग्याचे दोन शब्द मला तोंडपाठ होते. दिवसाला तीन खेळ, आणि मराठीत तर ते आणखी सोपे आहेत. मी तोंड उघडलं.

"घोंगडी तिथंच टांगलेली हाय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जणू एवढंच येणार हे तिला ठाऊक होतं.

"काढून ठेव, त्रिंबक," ती म्हणाली. "कसर लागंल."

भोंगा झाला आणि ती आत गेली. तीनच्या खेळाला मला उशीर होत होता. मी टॉकीजवर आलो, कार्बन बदलला आणि पहिलं रीळ लावलं.